मामाचा आवाज

९ जानेवारी

सगळं बदललं ते आज सकाळी, मी फोनवर ‘चला’ म्हणालो तेव्हा.

शब्द माझा, आवाज मामाचा. म्हणजे आवाजही माझाच, पण फोनवर आमच्या दोघांत माझ्या आईलाही फरक कळत नाही. ती भावाला झापायला फोन करते आणि मी निम्मं ऐकून घेतल्यावर तिच्या लक्षात येतं.

मामा स्वतःचे डोळे दाखवायला मामीला सोबत घेऊन डॉक्टरकडे गेला होता. जाताना म्हणाला, “ऑफिसवाल्या ग्रुपचा फोन येईल. आज नको म्हणून सांग.” का, ते सांगितलं नाही. कधीच सांगत नाही. रोज सकाळी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहतो, चहाचा ग्लास संपेपर्यंत पाण्याकडे बघतो, परत येऊन फोनपाशी बसतो. पाहुण्यांचे फोन येतात. (मी कस्टमर म्हणतो, समोरची टूर कंपनी गेस्ट म्हणते, मामा पाहुणे म्हणतो.) त्यांना तो दोनपैकी एक सांगतो, ‘चला’ किंवा ‘आज नको’. चला म्हटलं की काचेच्या तळाच्या बोटीत बसवून प्रवाळ दाखवायला न्यायचं. नको म्हटलं की पैसे परत. ह्यावर आमचं दुकान चालतं. चालायचं.

बेटावर एवढी गर्दी कधीच नव्हती असं सगळे म्हणतात. खरं आहे. मोठी जहाजं लागतात, माणसं मुंग्यांसारखी उतरतात आणि सरळ कंपनीच्या काउंटरवर जातात, कारण बोट, हॉटेल, जेवण सगळं त्यांनी घरी बसूनच मोबाइलवर ठरवलेलं असतं. आमच्या रांगेतले एजंट एकेक करून शटर ओढून गेले. सायकलवाला आता कंपनीची गाडी चालवतो. मामा राहिलाय.

तर फोन आला. “मामा, काय म्हणताय?” मागे नुसता गलका. टोप्याबिप्या घालून तयार असणार सगळे. आणि समोर कंपनीच्या काउंटरवर असते त्या, कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या मुलीने काल मारलेला टोमणा मला आठवला, “काय रे, तुझ्या मामांच्या दुकानात ‘नको’ सोडून दुसरं काही मिळतं का?” मी म्हणालो, “चला.”

समुद्र दिवसभर ताटात पाणी ठेवावं तसा. मामा परत आला तेव्हा बोट केव्हाच गेली होती.

“कोणी सोडली?”

“मी.”

“माझ्या आवाजात?”

“तुझ्या आवाजात.”

वाटलं, आता कानाखाली बसणार. नाही बसली. डॉक्टरने थेंब घातल्यामुळे त्याला लांबचं काहीच दिसत नव्हतं. तो धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि मला विचारत राहिला, “दिसतेय का? आता दिसतेय?” मी म्हणालो, मामा, उन्हात कशाला तमाशा करतोस. ग्रुप गात गात परत आला. बोट आमच्या डिझेलकाकांची. त्यांना डिझेल म्हणतात कारण कुठलंही बोलणं ते शेवटी डिझेलच्या भावावर आणून सोडतात. उतरल्यावर त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

“भाच्या, मामालाच मामा बनवलंस की रे!”

मामा पण हसला. मग पायरीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. रुसलाय.

१० जानेवारी

त्या ग्रुपने पाच तारे दिलेत. ‘मामा म्हणाले चला आणि आम्ही निघालो! मामा म्हणजे मामा!’ खाली हसरे चेहरे. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

“हळू वाच,” मामा म्हणाला, “डोळे दुखतायत.”

१७ जानेवारी

फोन थांबत नाही. सगळ्यांना तोच मामा हवाय, चला म्हणणारा.

आज वारा होता थोडा. मामा चहा पिऊन आला आणि नको म्हणाला. पलीकडचा माणूस एवढ्या जोरात बोलत होता की मला टेबलाच्या ह्या बाजूला ऐकू आलं. “त्या लोकांना सोडलंत आणि आम्हालाच बरं नको?” ते सगळे कुटुंबकबिल्यासकट कंपनीच्या बोटीने गेले आणि लाल लाल होऊन, आइस्क्रीम खात परत आले. आमच्या दारावरून जाताना त्यांच्यातल्या एका बाईने मामाला हात केला. खिजवायला नाही, चांगल्या मनाने. मामाने पण केला.

डिझेलकाका म्हणाले, “मामा, एकदा सांगूनच टाका. तुमचं नको खरं की चला खरं? म्हणजे मी त्या हिशोबाने डिझेल भरतो.” सगळे हसले. मीही हसलो. नंतर वाटलं, हसायला नको होतं. मग तेही वाटायचं थांबलं.

१८ जानेवारी

मामा सकाळी धक्क्यावर गेला आणि अर्धा ग्लास चहा तसाच घेऊन परत आला. फोन उचलून माझ्यापुढे ठेवला.

“आजपासून तू घे.”

“आणि काय सांगू?”

“आवाज एकच आहे. तुला वाटेल ते सांग.”

मी म्हणालो, असे टोमणे मारायचे असतील तर सरळ हाकलून दे. खुर्चीला लाथ घातली. खुर्ची प्लास्टिकची, उडून, मामी पाहुण्यांसाठी जेवणाचे डबे करते त्यांच्या पिशवीवर पडली. मामी म्हणाली, “राजे, खुर्चीने पण कॉलेज सोडायला लावलं होतं का?”

मामा टोमणा मारत नव्हता, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. मग काय करत होता, ते अजून कळलेलं नाही.

२९ जानेवारी

चला. चला. हो हो, चला. या, चला.

खोकला यावा तसा शब्द येतो. मी पाण्याकडे बघतसुद्धा नाही. धक्क्यावरच्या खांबावर लाल बावटा नसला की चला, कंपनीसारखं. मामा कोपऱ्यात बसून बोटीतल्या जॅकेटांचे निसटलेले पट्टे शिवतो. डिझेलकाका म्हणतात, “अख्ख्या धक्क्याला माहीत झालंय, फोनवर भाचा असतो म्हणून. पण लोकांना काय, गोड लागलं म्हणजे झालं.” मामी रोज पिशव्या भरभरून डबे देते, म्हणजे मामी खूश असायला हवी. तिला विचारलं. म्हणाली, “खूश व्हायला वेळ कुठे आहे?”

मला वाटलं होतं धंदा वाढला की छाती फुगेल. तसं काही नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय. राग येत नाही, हे विचित्र आहे. मी रागावरच जगत आलोय.

तिला बघितलं की मात्र अजून हातातलं काम तसंच राहतं. कंपनीचा निळा कोट, त्यावर नावाची पट्टी, केसांना चिमटा, तोही निळा. कॉलेजात मी तिच्या मागच्या बाकावर बसायचो. प्रिन्सिपलशी भांडून मी त्यांच्या खोलीचं दार असं आपटलं की काच तडकली, आणि तसाच बाहेर पडलो तो पडलोच. व्हरांड्यात ही उभी होती. म्हणाली, “दाराने काय केलं होतं तुझं?” ती शिकली, इथे काउंटरला लागली. मी तिच्या समोर आलो तो मामाकडे.

आज तिने विचारलं, “मामा फोन घेत नाहीत म्हणे आता?”

“घेतो की. कोण म्हणालं?”

“कोणी नाही.” आणि हसली. “मग बरंय.”

हसताना खाली बघते. माझ्याकडे बघून हसली असती तर काही अर्थ होता.

१२ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस आला होता. टायवाला. त्याच्या मागे ती, हातात फाइल. मला वाटलं गाळा मागायला आलेत. तसं नाही. त्यांना आवाज हवाय.

त्यांच्या मोबाइलवरच्या बुकिंगमध्ये रोज सकाळी गेस्टना मामाचा आवाज ऐकू जाणार. ‘नमस्कार, मी मामा. चला!’ लोकांना आपुलकी लागते, टायवाला म्हणाला, आणि तुमचा चला फेमस आहे. बदल्यात दुकान त्यांचं पार्टनर होणार. पुढच्या सीझनपासून धक्क्यावर गाळे फक्त पार्टनरनाच मिळणार आहेत, ते ठरल्यासारखंच आहे, हेही त्याने अगदी गोड बोलून सांगितलं.

मामा सुईत दोरा ओवत होता. “माझा आवाज बसलाय,” म्हणाला. चांगला खणखणीत म्हणाला. “भाच्याला विचारा. एकच आहे.”

टायवाल्याने माझ्याकडे बघितलं. ती फाइलमध्ये बघत होती.

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य बोललो असेन.

ते गेल्यावर मामीने डब्यांची झाकणं लावता लावता सुरू केलं. “त्यात विचार कसला करायचाय? ह्या माणसाने दोन शब्दांवर संसार केला माझा. एक शब्द तर आता कोणी ऐकत नाही. दुसऱ्याला गिऱ्हाईक आलंय तर देऊन टाका बाबा. निदान दार तरी उघडं राहील.”

मामा म्हणाला, “त्याचा आवाज आहे, तो बघेल.”

“तुमचा आहे!”

“होता.”

कोणी आवाज चढवला नाही. एरवी आमच्याकडे मीठ मागायचं तरी भांडण केल्यासारखं मागतात.

१४ फेब्रुवारी

हो कळवलं. तिनेच फोन घेतला. “बरं,” म्हणाली. मला वाटलं होतं आनंद होईल तिला, आता एकाच ठिकाणी असणार आम्ही. कामात असेल.

२१ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

सकाळी फोन वाजला. तिचा नंबर. मी सवयीने मामाच्या सुरात “बोला” म्हणालो.

“मामा,” ती म्हणाली. “आई आज पलीकडे निघालीय, मावशीकडे. आमच्याच बोटीने. जाऊ देऊ?”

दारातून मला ती दिसत होती. रस्ता ओलांडला की तिचं काउंटर. आमच्याकडे पाठ करून उभी होती, फोन कानाला. चार पावलं चालून आली असती तरी चाललं असतं. पण कंपनीच्या मुलीने मामाला विचारायला यायचं म्हणजे लाज वाटत असणार, म्हणून गुपचूप फोन. जी सगळ्या जगाला बोटीत बसवते ती स्वतःच्या आईच्या वेळी मामाला विचारते! मला म्हणजे हसूच यायला हवं होतं.

हसू आलं नाही. मी बाहेर बघितलं. ऊन होतं. बावटा नव्हता. पाणी निळं होतं, पाण्यासारखं. त्यात काय बघायचं असतं तेच मला माहीत नाही. तिची आई मला माहीत आहे. कॉलेजच्या गेटवर छत्री घेऊन उभी राहायची. पायरी उतरताना आधी उजवा पाय ठेवायची आणि मग डावा त्याच्या शेजारी आणायची, लहान मुलासारखी.

मी फोनवर हात ठेवला. “मामा, काय सांगू?”

“कोण निघालंय?”

“तिची आई.”

“मग सांग की.”

“मला काय कळतं पाण्यातलं?”

“मला तरी कुठे कळतं?” मामा म्हणाला आणि दाताने दोरा तोडला.

फोनमधून ती म्हणाली, “ऐकताय ना?”

माझ्या हाताला घाम आला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं अंगाला. मी म्हणालो, “आज नको.”

रस्त्यापलीकडे तिची पाठ हलली नाही.

“बरं,” म्हणाली. “मग नाही पाठवत.” मग म्हणाली, “जेवत जा वेळेवर,” आणि फोन ठेवला. मामाच्या तब्येतीची सगळ्यांना काळजी आहे.

दिवसभर कंपनीच्या सगळ्या बोटी गेल्या आणि आल्या. काही झालं नाही. तिची आई घरी बसली.

दुपारी मामाला विचारलं, मग इतकी वर्षं तिथे उभा राहून तू बघायचास काय?

तो म्हणाला, “पाणीच बघायचो. पण पाणी काय सांगणार? चहा संपेपर्यंत मनातल्या मनात त्या पाहुण्यांना बोटीत बसवायचो. कोण म्हातारं आहे, कोणाच्या कडेवर पोर आहे. फोनवर बोललेलो असायचो ना सगळ्यांशी. इथे कसंतरी झालं,” त्याने छातीवर हात ठेवला, “तर नको. दुसरं काही नाही.”

“म्हणजे घाबरायचास.”

“हो.”

“आणि चुकायचास पण?”

“ते कसं कळणार? ज्यांना जाऊ दिलं नाही त्यांचं काय झालं असतं हे कधी कळतच नाही.” मग म्हणाला, “त्या दिवशी तू सोडलेस ते लोक आले परत. तेव्हा मला वाटलं, बहुतेक नेहमीच चुकत आलो असणार मी.”

मी खुर्ची सरळ केली.

२६ फेब्रुवारी

आधी निकाल लिहितो. गाळा सीझन संपला की जाईल. मामीला सांगितलं. तिने ताट वाढलं, समोर बसली आणि मी जेवेपर्यंत उठली नाही. शेवटी म्हणाली, “घरातून पण फोन घेता येतो म्हणा.” मामाला सांगितलं. तो “बरं” म्हणाला आणि फोन आपल्या बाजूला ओढून घेतला.

आता झालं ते.

रेकॉर्डिंगची खोली कंपनीच्या हॉटेलात मागच्या अंगाला आहे. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखं काळं काहीतरी लावलेलं, दाराला जाड गादी. काचेपलीकडे साऊंडवाला, टायवाला आणि ती. तिला मला कागद द्यायला आणि परत घ्यायला बसवलं होतं. माझ्या कानाला हेडफोन.

नमस्कार, मी मामा. चला! हे आनंदाने. मग मायेने. मग घाईने, उशीर झालेल्या गेस्टसाठी. मग लहान मुलांसाठी. साऊंडवाला दरवेळी अंगठा दाखवायचा. चला म्हणता म्हणता एका जागी तो शब्दच राहिला नाही, नुसती जीभ टाळ्याला लागत होती. मला काही वाटत नव्हतं. तो मामाचा आवाज होता आणि मला काही वाटत नव्हतं, एवढं मात्र जाणवत होतं.

कागद संपला. मी विचारलं, “‘आज नको’ कधी करायचं?”

टायवाल्याने बटण दाबलं. “ते नाहीये ह्यात.”

“मग वारं असलं की?”

“बावटा लागला तर मेसेज जातो आपोआप. लेखी. आवाज आपण फक्त चांगल्या गोष्टींसाठी ठेवतोय.”

बोलला अगदी नीट. ह्यावर मी भडकायला हवं होतं, मला माहीत आहे. हेडफोन फेकायचा, काचेवर मूठ मारायची. मी वाट बघितली. काही आलं नाही.

“एकदा शेवटचं करू,” टायवाला म्हणाला. “कोणीतरी तुम्हाला विचारतंय असं समजा. मॅडम, तुम्ही विचारा त्यांना.”

ती बटणापाशी वाकली. हेडफोनमुळे तिचा आवाज सरळ डोक्याच्या आत आला.

“मामा,” ती म्हणाली. “जाऊ देऊ?”

त्या दिवशी फोनवर तिने मामाला विचारलं होतं, अगदी तसंच. शब्दही तेच. योगायोग असेल. काचेत दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यामुळे ती हसत होती की काय ते दिसलं नाही.

मी म्हणालो, “आज नको.”

साऊंडवाल्याने अंगठा दाखवला. त्याचं लक्ष सुरावर, शब्दावर नाही. “हा सगळ्यात मस्त आला,” म्हणाला.

टायवाला काहीतरी बोलत होता, पण मी हेडफोन काढला होता, त्यामुळे काचेपलीकडे त्याचं फक्त तोंड हलत होतं. मी हेडफोन खुर्चीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. ती उठून उभी राहिली होती, एक हात काचेवर. मला थांबवायला सांगितलं असणार तिला, नोकरी आहे तिची. मी बाहेर पडलो आणि दार सगळ्या ताकदीने ओढलं. गादीचं दार. आवाजच झाला नाही.